दातांत धरलेली स्प्रिंग

शहागंजातल्या आमच्या वाचनालयाचे वायरिंग तेवीस वर्षे एकाच माणसाने सांभाळले. पुंजाराम मूळचा करमाडचा. शेती भावावर सोपवून तो पक्कड घेऊन शहरात आला, आणि आमच्या इमारतीचा स्लॅब ओतला जाताना त्यात वायरींचे पाइप टाकणाऱ्यांत तोच होता. मी येत्या मार्चमध्ये व्यवस्थापक म्हणून निवृत्त होईन. माझ्या कपाटात प्रत्येक बोर्डाचा नकाशा आहे. पण कुठला पाइप कुठे वळतो हे पुंजारामला विचारावे, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो.

अवघड पाइपातून वायर ओढावी ती त्यानेच. चार-चार वळणांच्या पाइपापुढे दुसरे वायरमन हात टेकत. पुंजाराम आधी पाइपाला तोंड लावून फुंकर मारी आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला वायरींचे जोड असलेल्या डब्यापाशी मला तळहात धरायला लावी. हवा आली, म्हणजे वाट मोकळी. मग पोलादी स्प्रिंग आत सारायची. तिच्या आकड्यात वायरी अडकवताना त्यांची टोके तो एकामागे एक, पायरीपायरीने बांधी, म्हणजे गाठ जाड होत नसे. वर चिकटपट्टी, आणि त्यावर लहान मुलांना लावायची पावडर.

"वढणाऱ्यानं घाई नाय करायची, भाऊसाहेब," तो म्हणे. "ढकलणारा हूं म्हणला का मगच. नाय तर व्याह्यावानी मधीच रुसून बसती."

गेल्या दोन वर्षांत त्याने एक नवी युक्ती काढली होती. स्प्रिंग अडली की तिचे मागचे टोक तो दातांत धरी, डोळे मिटून घेई आणि दोन्ही हातांनी ती हळूहळू सारत राही. पुढे वळण आहे की सिमेंटचा खडा, हे दातांना कळते, असे सांगे. आमच्या ग्रंथपाल कालिंदीबाई त्याच्या बायकोवरून त्याला चिडवत, "पुंजाराम, घरी सारजाबाई भाकरी देत नाहीत वाटतं." तो स्प्रिंग तोंडात तशीच ठेवून हसे. मीही हसत असे.

गेल्या ऑगस्टमध्ये अभ्यासिकेत नवे पंखे लावायचे होते. व्हरांड्यातल्या डब्यापासून अभ्यासिकेपर्यंत जुन्याच पाइपातून वायर न्यायची होती. मेन स्विच मी स्वतः बंद केला. पुंजारामने व्हरांड्यातला डबा उघडला आणि आतल्या जोडाची चिकटपट्टी सोडवून त्याला बोटाची मागची बाजू लावली. जुन्या वायरमनांची ही रीत आहे. करंट असला तर बोट आपोआप आखडते, वायर मुठीत धरली जात नाही. करंट असला की दिवा लागणारा टेस्टर पुंजारामच्या पिशवीतच असे.

"मेलेली हाय," तो म्हणाला आणि जोड तसाच उघडा ठेवून अभ्यासिकेत गेला. ग्रंथ असलेल्या खोलीत तो चपला घालून कधी जात नसे. त्या दिवशीही त्याने रबरी चपला दाराबाहेर काढल्या. आतली फरशी नुकतीच पुसलेली होती.

मी आणि कालिंदीबाई डब्यापाशी थांबलो. पाइपात स्प्रिंग खरडत येत होती. तिचा आकडा डब्यात डोकावला तेवढ्यात कालिंदीबाई म्हणाल्या, "मेन बंद आहे ना? मग माझ्या टेबलावरचा पंखा कसा फिरतोय?"

पंखा इन्व्हर्टरवर होता. इन्व्हर्टर आदल्या वर्षी दुसऱ्याच एका माणसाने बसवला होता, आणि त्याची लाइन मी नकाशात चढवलेली नव्हती. ही चूक माझी. पिशवीतून टेस्टर काढून मी त्या उघड्या जोडाला लावला. दिवा लागला.

आकडा जोडापासून बोटभर अंतरावर होता.

"पुंजाराम, सोड ती स्प्रिंग."

"वीतभर राहिली," आतून दाटलेला आवाज आला. दातांतून. आकडा पुढे सरकला.

नकाशासाठी आणलेली लाकडी फूटपट्टी माझ्या हातात होती. ती मी आकडा आणि जोड यांच्यामध्ये घातली आणि दाबून धरली. कालिंदीबाई इन्व्हर्टरकडे धावल्या. पंखा मंदावत थांबेपर्यंत मी ती सोडली नाही.

अभ्यासिकेत तो ओल्या फरशीवर अनवाणी उभा होता, ओठांत अजून स्प्रिंग. मी झाले ते सांगितले. त्याने स्प्रिंग काढली आणि आपल्या बोटाकडे बघत राहिला.

"मी बघितलं होतं, भाऊसाहेब."

"काय बघितलंस?"

त्याने ते बोट अंगठ्याने चोळले. मग म्हणाला, "दोन वर्षं झाली, बोटाला काय कळत नाय. साखर हाय. चहाचा गिलास गरम का थंड, तेबी ओठाला लावल्यावर कळतंय. म्हणून तर दात लावतोय. सारजालाबी ठाव नाय. कळलं तर शिडीवर चढू देणार नाय, आन कामाला बोलवणार कोण?"

"मग मेलेली आहे, हे कशावरून म्हणालास?"

"बोट आखडलं नाय म्हणून."

दोन वर्षांत या इमारतीत त्याने किती डबे उघडले, ते आठवायचा मी प्रयत्न करू लागलो. पण त्याला माझ्याआधी आठवले. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"वाटर कुलर," तो म्हणाला.

जूनमध्ये कुलरची वायर त्यानेच बदलली होती. बाहेरच्या पत्र्यात करंट उतरत नाही ना, हेही त्याने बोटानेच पाहिले होते. अभ्यासिकेतल्या पोरी ओल्या हातांनी दिवसभर त्याचा नळ दाबतात. कालिंदीबाई जाऊन कुलरपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. स्प्रिंग मागे ओढून, उघड्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळून मी मेन चालू केला आणि कुलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

"पुन्हा लावा," पुंजाराम म्हणाला.

नळाला लावला. मागच्या स्क्रूला लावला. नाही.

"टेस्टर तरी चांगला हाय का?"

शेजारच्या सॉकेटमध्ये घातला, दिवा लागला. परत कुलरला लावला. नाही.

"पुन्हा लावा."

तेवीस वर्षे ज्याच्या एका शब्दावर मी डब्यात हात घातला, तो आता माझ्या डोळ्यांदेखत न लागणाऱ्या दिव्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. मी सहाव्यांदा टेस्टर लावला, तेव्हा तो पायरीवर बसला.

थोड्या वेळाने स्वतःच उठला. "जिन्याखालचा बोर्ड राहिला. तोबी मीच केला."

आम्ही तिघे जिन्याखाली गेलो. मी बोर्डाचे बटण बंद करून झाकण काढले; बटणापुढच्या जोडात आता करंट नसायला हवा होता. पुंजारामचा हात सवयीने पुढे आला, बोट मागे वळवलेले. ते जोडापाशी पोचण्याआधीच त्याने हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला, आणि मला म्हणाला, "तुमीच लावा, भाऊसाहेब. मी बघतो."

टेस्टर लावला. दिवा लागला.