सहा वार कापड, न कापलेलं

रोंके आंटी गेल्याचं बिसीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी पोळ्या करत होते. बिसी म्हणजे त्यांची थोरली लेक. जेवण झालं, मम्मी खुर्चीत जरा डोळे मिटून बसली आणि उठलीच नाही, असं ती शांतपणे म्हणाली. मग तीच पुढे म्हणाली, “कापड आलंय. तुझं नेहमीसारखं अख्खंच ठेवू ना?” मला रडता रडता हसू फुटलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नातवंडं पाहिलेली बाई गेली की नायजेरियातल्या योरुबा घरांत तिला वाजतगाजत निरोप देतात, आणि सगं-सोयरं सगळं एकाच कापडाचे कपडे घालून येतं. हे मला आता ठाऊक होतं. तरी तव्यावरची पोळी करपली ती करपलीच…

आमची ओळख झाली तेव्हा आम्हाला लंडनमधल्या हॅरोला येऊन वर्षही झालं नव्हतं. मला चौथा महिना लागला होता. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात लिहिलं होतं की मी सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे, आणि बाळाला धोका आहे का ते कळावं म्हणून नवऱ्याचीही तपासणी करायला दोघांनी क्लिनिकला यावं. मिलिंद म्हणाला, “अगं, सॅम्पल स्वॅप झालं असणार. इकडेही होतं असं.” मी मान डोलावली. खरं तर सॅम्पल माझंच आहे हे मला पक्कं माहीत होतं. नागपूरला माझा धाकटा भाऊ तेराव्या वर्षी याच आजारानं गेला. त्याच्या आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती, म्हणून आजीनं त्याचं नाव दगडू ठेवलं, निदान हा तरी टिकेल म्हणून. सांधे धरून तो ओरडायचा, आणि दवाखान्यात आमच्या वस्तीचं नाव ऐकलं की म्हणायचे, यांची पोरं नाटकी असतात. तो गेल्यावर घरात ठरलं की कुणी विचारलं तर ताप आला होता म्हणायचं. नाहीतर पोरींची लग्नं कशी जमणार? माझं जमलं. मिलिंदलाही मी तापच सांगितला होता.

क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये सगळे आफ्रिकन नाहीतर कॅरिबियन, आणि मधे मी कुंकू लावून. मिलिंदला रक्त द्यायला आत नेलं होतं. तेवढ्यात एक उंच, धिप्पाड बाई चहाचा कप घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. त्याच रोंके आंटी. तीस वर्षं वॉर्डात नर्सिंग करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि दर गुरुवारी तिथे चहाचं टेबल सांभाळायच्या. मी घाईघाईनं सांगून टाकलं की चुकून आले आहे, सॅम्पल बदललंय. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जिथे जिथे डासांनी माणसं मारली तिथल्या रक्तानं जगायची ही युक्ती काढली, आमच्या नदीकाठी आणि तुमच्या जंगलातही. आपल्या पणज्या-खापरपणज्या मलेरियातून वाचल्या, त्याची ही खूण. “शाळेत आमचा इतिहास गुलामांच्या जहाजापासून सुरू करतात. ही खूण त्या जहाजाच्या कितीतरी आधीची आहे. हिची लाज कसली धरतेस?”

मग त्यांनी त्यांच्या मुलाबद्दल, दुरोबद्दल सांगितलं. दुरोच्या आधीची त्यांचीही दोन बाळं गेली होती. अशा वेळी त्यांच्याकडे पुढच्या बाळाला विनवणीचं नाव देतात. त्याचं पूर्ण नाव दुरोजाये, म्हणजे थांब, आयुष्य भोग. मी कप खाली ठेवला आणि त्यांना माझा दगडू सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही इंग्रजीतून… मिलिंद बाहेर आला तेव्हा मी डोळे पुसत होते. त्याला वाटलं, सुईला घाबरून.

मिलिंदचा रिपोर्ट चांगला आला, तो वाहक नव्हता, आणि आमची ओवी सुखरूप झाली. पण माझे गुरुवार सुटले नाहीत. बाळाला गाडीत घालून मी आंटींच्या टेबलावर मदतीला जायची, आणि तिथेच मला दुरोचं दुखणं काय आहे ते कळलं. तो चोवीस वर्षांचा, कौन्सिलमध्ये नोकरीला, गळ्यात टाय बांधणारा. पण सिकल सेलच्या वेदनांचा झटका आला की इमर्जन्सीतल्या लोकांना दिसायचा तो फक्त एक उंच काळा तरुण, नाव घेऊन मॉर्फिन मागणारा. व्यसनी असेल या संशयानं त्याला चार-चार तास खुर्चीवर बसवून ठेवायचे. आणि त्याच व्यवस्थेत तीस वर्षं लोकांच्या वेदनांवर औषध दिलेली त्याची आई तिथे उभी राहून, माझा मुलगा खोटं बोलत नाही, असं प्रत्येक नव्या चेहऱ्याला सांगायची. त्यांचं मागणं एवढंच होतं: आजाराची नोंद असलेलं कार्ड दाखवलं की अर्ध्या तासात औषध द्यावं, प्रश्न नंतर विचारावेत. दोन वर्षं त्या पत्रं लिहीत होत्या. उत्तरं अगदी गोड यायची, आणि होत काहीच नव्हतं. शेवटी हॉस्पिटलनं एकदा मीटिंग दिली.

मीटिंगच्या दोन आठवडे आधी बिसी माझ्याकडे एक कापड देऊन गेली. निळं, त्यावर केशरी पक्षी. नीट मोजून पाहिलं तर सहा वार. कुणीही मराठी बाई दुसरं काय समजणार? मी वेम्बलीला जाऊन फॉल-पिको करून घेतलं, मॅचिंग ब्लाउज शोधला आणि आंटींनी साडी दिली म्हणून चार जणींना कौतुकानं दाखवलीसुद्धा. मीटिंगच्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात जाऊन बघते तर पंधरा-वीस बायका, सगळ्यांच्या अंगावर तेच निळं-केशरी, पण झोकात शिवलेलं, डोक्याला तसंच फडकं बांधलेलं, आणि मी एकटी पदर सावरत उभी. ते कापड शिवायला दिलं होतं, एका कुटुंबातल्या सगळ्यांनी घालायचं म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आंटींनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं आम्ही उगाच कापत होतो.” मग गंभीर झाल्या. आजवर हॉस्पिटलवाल्यांनी आपल्याला एकेकटं, वेदनेनं वाकलेलं पाहिलंय, म्हणाल्या, आज कुटुंब बघू दे.

आत सगळे सभ्यच होते. एक मोठे डॉक्टर म्हणाले की अडचण एकच आहे, खरे रुग्ण कोणते हे ओळखायचं कसं. मी तिथे फक्त संख्या वाढवायला गेले होते, बोलायचं ठरलेलं नव्हतं. पण उठले.

“माझा भाऊ खरा होता,” मी म्हणाले. “तेरा वर्षांचा होता. भारतात त्यालाही नाटकी म्हणाले. तो गेल्यावर मग त्यांना खरं वाटलं.”

पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. आंटींनी त्यांचा टाइप केलेला कागद टेबलावर सरकवला एवढं आठवतं. आधी तीन महिन्यांपुरता म्हणून तो अर्ध्या तासाचा नियम लागू झाला, आणि मग कायमचा. त्या संध्याकाळी मी मिलिंदला दगडूचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, दगडूचा एखादा फोटो असला तर नागपूरहून मागव. आता तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे.

त्यानंतर दुरोला पहिला झटका आला तो भर दुपारी. मी पोचेपर्यंत त्याला औषध मिळून तो झोपलाही होता. वीस मिनिटं लागली, कुणी काही विचारलं नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये रोंके आंटी नाचत होत्या… खरोखर, दोन्ही हात वर करून, सिक्युरिटीवाल्याच्या नाकासमोर. मलाही ओढलं. मी आयुष्यात लग्नाच्या वरातीतसुद्धा नाचले नव्हते, तिथे नाचले.

त्यानंतर प्रत्येक बारशाला, लग्नाला माझ्या वाट्याचं कापड येत गेलं. दुरोच्या लग्नातलं हिरवं, आणि आता हे जांभळं. स्वतःच्या निरोपाचं कापड आंटींनी स्वतःच निवडून ठेवलं होतं आणि ते कुणाकुणाला द्यायचं याची यादीही करून ठेवली होती. बिसीनं ती मला दाखवली. कुटुंबातल्यांच्या रकान्यात माझं नाव, आणि पुढे त्यांच्या नर्सच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: कापू नये. निरोपाच्या दिवशी भाड्याच्या हॉलमध्ये ढोल वाजत होते, दुरो आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन नाचत होता, आणि मी जांभळ्या साडीत मनसोक्त रडत, मनसोक्त नाचत होते.

आता गुरुवारचं चहाचं टेबल माझ्याकडे आहे. परवा मुद्दाम ती पहिली निळी साडी नेसून गेले. एक तरुण आई आली होती, नुकतीच लागोसहून आलेली. मुलाला झटका आला तर त्याला इथे किती लगेच बघतात, असं ती कौतुकानं सांगत होती, इंग्लंडात पहिल्यापासून असंच असतं या समजुतीनं. तिला आंटींचं नावही माहीत नव्हतं. मी काही सांगणार होते, पण थांबले. आंटींना हेच तर हवं होतं. मग तिची नजर माझ्या पदरावरच्या पक्ष्यांवर गेली आणि तिनं विचारलं की हे कापड तर आमच्याकडचं, असं कुठे शिवून मिळतं?

“शिवलेलं नाही,” मी तिच्यापुढे चहा ठेवत म्हटलं. “घरचं आहे.”