नेलपॉलिशचा ठिपका

आमचे शेजारी, व्हॉल्व्हवाले, काचेच्या नळ्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात आणि सगळ्या जगावर संशय घेतात. आपण बसवलेला भाग कोणी बदलू नये, म्हणून प्रत्येक जोडावर ते बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देतात; ठिपका तुटलेला दिसला की कोणी हात लावला ते कळतं.

एकदा मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना घरच्याच अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज त्यांना दबका वाटला. त्यांनी तो उलटा करून उघडला. व्हॉल्व्हच्या कॅथोड रेझिस्टरवरचा कपॅसिटर गायब होता. तो काढला तर गाणं बंद पडत नाही, फक्त आवाज उतरतो.

"हे जाणकाराचंच काम. तुझा भाऊ!" ते बायकोवर कडाडले. मेहुणाही याच धंद्यातला. "आजपासून त्याला हे दार बंद."

वहिनींनी कप खाली ठेवला. "त्याला कशाला बोलता? मीच कापला. तुमच्या त्या आवाजानं माझं डोकं उठत होतं."

"कोणता कापायचा, हे तुला कोणी सांगितलं?"

"लग्न झाल्यापासून जेवताना दुसरं काय ऐकतेय मी?"

मेहुण्याचं येणं-जाणं सुरू राहिलं. कपॅसिटर काही परत बसला नाही. नेलपॉलिशची बाटली मात्र आता व्हॉल्व्हवाल्यांच्या कपाटात कुलपात असते.