मेंदीखालचं बोट

आणीबाणीच्या थोडं आधी मी लग्न होऊन दिघोरीला आले. तेव्हा मला कोणाशी बोलायचीच लाज वाटे. बोलणं व्हायचं ते फक्त मोठ्या जाऊबाईंशी, आणि तेही रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, कारण बांधीत, भाताच्या खाचरात आम्ही दोघी शेजारी शेजारी वाकून धान रोवत असू.

रोवणा लागायच्या आधी गावातल्या बाया बोटांना मेंदी लावत. दिवसभर चिखलपाण्यात बोटं कुजू नयेत म्हणून. पण मेंदी चढली की सुजून लाल झालेलं कातडं तिच्याखाली दिसत नसे. नखाशी पू होऊन ठणका लागला म्हणजे मग कळे, नखुरडं झालं. म्हणून जाऊबाई मेंदीची वाटी बाजूला ठेवून आधी म्हणत, "आण वं हात."

मी हात पदरात घेई.

"काहून लपवून राहिली? तुहा नवरा पाहून नाही राहिला!"

मग त्या एकेका नखाची कड दाबून पाहत. दुखलं तर त्या बोटाला मेंदी नाही, करंजाचं तेल. आणि चिखलात न उतरता घरी स्वयंपाक. बाया टोमणे मारत, "जावेले राणी करून ठेवलं बाईनं!"

"राणीच हाय. सडक्या बोटानं भात तर नाही वाढत तुमच्यासारखी."

जाऊबाईंची बोटं मात्र कोणी पाहत नसे. एका वर्षी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जेवताना त्या पहिलं बोट वर धरून भात कालवत होत्या. मी त्यांचं मनगट धरलं. मेंदीच्या रंगाखाली नखाजवळचं कातडं ताणलेलं होतं.

"कव्हापासून जी?" सगळ्या बायांसमोर माझा आवाज फुटला.

"मेंदीचा रंग हाय तो."

मी हलकेच दाबलं. त्यांनी श्वास ओढला.

"रंग दुखते का जी?"

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना एस.टी.नं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पू काढला. अजून थांबला असतात तर हाडापर्यंत गेलं असतं, म्हणाले. बोट वाचलं, पण पुन्हा चिखलात हात घालायचा नाही असं बजावलं. येताना गाडीत मला इतकं हलकं वाटत होतं! बाईंचं बोट वाचलं, आता त्या आहेत तशाच राहणार, असं मी धरून चालले.

पण जिचा हात चिखलात जायचा नाही तिनं दिघोरीत करायचं काय? थोरल्या दिरांनी चिखला गावच्या मँगनीज खाणीत काम धरलं आणि पुढच्या रोवण्याआधी दोघं निघून गेले.

त्या वर्षी माझ्या शेजारी दुसरी बाई रोवायला होती. चांगली होती, बोलकी होती. मी तिच्याशी दिवसभर काही बोलले नाही.

चिखल्याहून कोणी आलं की मी दाराआडून विचारी, "बाईचं बोट कसं हाय?"

"एकदम चांगलं," ते सांगत.

ऐकून बरं वाटे. तरीही मनात येई, एखाद्या पावसाळ्यात त्यांनी यावं. काम करू नये. मी बांधीत असताना नुसतं धुऱ्यावर बसावं.