जिराफाची पाटी आणि परसातली म्हैस

माझी लेक चालायला लागली आणि माझ्या नवऱ्याला मोबाईलवर मेंदूचा शोध लागला. उमरग्यात हायवेला त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लहान मुलांचा मेंदू पहिल्या काही वर्षांतच घडतो, हे त्यानं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि त्या दिवसापासून तो मेंदूतज्ज्ञ झाला.

घरात फर्मान निघालं. पोरीशी फक्त इंग्रजी बोलायचं! दोन भाषा कानावर पडल्या की मेंदूचा गोंधळ उडतो म्हणे. आमच्या गावात भाजीची घासाघीस मराठीत सुरू होते, कानडीत रंगते आणि दखनीत मिटते. एवढ्या गोंधळात गावाचे मेंदू आजवर कसे शाबूत राहिले, देव जाणे.

माझी नोकरी लोहाऱ्याला, त्यामुळं पोर दिवसभर सासूबाईंकडं. त्यांना नवरा म्हणाला, "आई, इंग्रजी येत नसंल तर गप बस. पण पोरीम्होरं गावठी बोलू नगंस."

सासूबाईंनी ते मनावर घेतलं. टाळूवर तेल जिरवताना, न्हाऊ घालताना, धुरी देताना त्या तोंड घट्ट मिटून असायच्या. संध्याकाळी मी यायचे तेव्हा आमचं इंग्रजी सुरू व्हायचं. ते 'कम', 'सिट' आणि 'नो' इथं संपायचं. एवढ्यावर कुत्रंसुद्धा कंटाळलं असतं. मग नवरा पुठ्ठ्याच्या रंगीत पाट्या काढून पोरीला जिराफ दाखवायचा.

दोन वर्षांची होत आली तरी पोर एक शब्द बोलेना. शेजारणी विचारायला लागल्या की मी विषय बदलायचे. नवरा मात्र निवांत. "आतून तयारी चालूय. एकदम इंग्रजीच बाहेर पडंल बघ." जसं काही ह्यानंच आत इंजिन बसवलं होतं.

शेवटी मीच तिला डॉक्टरांकडं नेलं, नवऱ्यालाही ओढत नेलं. कान ठणठणीत निघाले. मग डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर हिच्याशी बोलतं कोण?"

मी घरातलं फर्मान सांगितलं, तसं ते म्हणाले, हिच्याशी घरच्या भाषेत भरपूर बोला. मला त्या वेळी नवऱ्याचा इतका राग आला की बोलायची सोय नव्हती.

घरी आल्यावर तरी शहाणा व्हावा की नाही? "ह्या डॉक्टरला काय कळतंय," म्हणत तो पुन्हा पाटी घेऊन पोरीसमोर बसला. "जिराफ. से, जिराफ."

पोरीनं दोन्ही हात त्याच्या गुडघ्याला लावले, जोर करून ढकललं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सलक की गं! लई माजलीस!"

सासूबाई दारातच उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पडला. "म्या पोरीशी न्हाय बोलले रं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "हिला कडंवर घिऊन म्हशीशी बोलत हुते. घरात कुणाशी तरी बोलावं की न्हाय मानसानं?"

नातीसाठी साठलेलं सगळं ही बाई परसातल्या म्हशीला सांगत होती. मला रडूच आलं. पोरीला उचलून मी सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "आता हिच्याशीच बोला."

पोर मात्र अजून बापाकडंच बघत होती. "सलक!" ती परत म्हणाली.

मेंदूतज्ज्ञ मुकाट्यानं सरकले.