भांगातलं काजळ

गेल्या लग्नसराईत वरवंडची एक मुलगी माझ्या शिरूरच्या पार्लरमध्ये आली. केस म्हणाल तर इतके दाट, की त्यात सकाळी घातलेला कंगवा संध्याकाळपर्यंत सापडू नये. आणि इतके काळे, की ती आत आल्यावर मी उठून ट्यूब लावली. सोबत शिरूरचीच तिची होणारी सासू. नवरदेव रांजणगावच्या कंपनीत. त्याला बायकोचे केस मोबाइलवरल्या फोटोसारखे मधाच्या रंगाचे हवे होते. लग्न तीन दिवसांवर.

"आमी पोरगी नंतर बघितली, आधी केस बघितले," सासू सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाली. "डोक्यावरचा पदर सरकला आन् मी म्हणलं, फोडा सुपारी."

"मावशी, हे केस उजळायचे म्हंजी कोळशाची खाण धुवायची," मी म्हणाले. "पण घोर करू नका. अर्धं शिरूर मी सोनेरी केलंय, उरलेलं अर्धं वेटिंगला हाय."

सासू खूश. मी मुलीला विचारलं, "आधी काही लावलंयस का? मेंदी, कलप?"

तिनं आरशातून सासूकडं बघितलं. "न्हाई ताई. नुसतं खोबरेल."

"तिला कशाला लागतंय!" सासू म्हणाली.

भांग पाडताना माझ्या बोटाला काळं लागलं. काजळ. मुळापासून काळे केस असलेली बाई भांगात काजळ कशाला भरेल? मला तेव्हा काही कळलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगत फिरले. कळलं होतं. काळ्या मेंदीच्या पुडीत कसले कसले क्षार असतात आणि वर ब्लीच पडलं की केस तापतात, हेही ठाऊक होतं. म्हणून तर आधी एकच बट करून बघायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण थांबायचं म्हणजे सासूसमोर पुन्हा विचारायचं. तिच्या भावकीतल्या आणखी तीन नवऱ्या माझ्याकडं येणार होत्या. मी बोट टॉवेलला पुसलं आणि ब्लीचची पावडर कालवली.

दहा मिनिटांत केसांभोवती गुंडाळलेलं फॉइल असं तापलं, की त्यावर चहाला आधण आलं असतं. मुलगी म्हणाली, "ताई, भाजतंय."

"रूप यायचं तर थोडं भाजणारच," मी म्हणाले.

मग फॉइलच्या घडीतून वाफ निघाली. मी तिला ओढतच बेसिनवर नेलं, पाणी सोडलं, तर केस पाण्याबरोबर हातात येत गेले. बटाच्या बटा, भिजलेल्या सुतळीसारख्या. डोक्यावर उरले बोटभर खुंट, खाली लालभडक कातडी, आणि काजळ धुऊन गेल्यावर भांगभर पांढरी मुळं. मुलगी एकवीस वर्षांची.

सासू उठून आली. "आन् हे पांढरं कसं काय?"

मुलीनं बेसिनमधूनच माझ्याकडं बघितलं. 'माझ्या पावडरीनं झालं, मावशी,' एवढंच तिला हवं होतं. असल्या थापा मी आल्यागेल्याला फुकट वाटते. पण ही थाप मारली असती, तर पोरीचं डोकं जाळणारी बाई म्हणून दौंडपर्यंत माझा डंका वाजला असता.

"पावडरीनं मुळं पांढरी होत नसतात," मी म्हणाले. "हिनं काळी मेंदी लावलेली लपवली. मी विचारलं होतं की, तुमच्या देखत."

सगळं खरं होतं.

"केस लपवले," सासू हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी अजून काय काय लपवलं असंल." तिनं पिशवी उचलली. मुलीची मान अजून बेसिनवरच होती, तोवर बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

मुलगी रडली नाही. म्हणाली, "आईला फोन लावता का? माझे हात ओलेत."

मी तिच्याच मोबाइलवरून लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडं मांडवाचे बांबू ठोकत होते, त्यावरून आई ओरडून बोलत होती.

"झालं का गं? कसे दिसत्यात? विहीणबाई काय म्हणल्या?"

मी मुलीकडं बघितलं.

"तुमीच सांगा," ती म्हणाली. "तुमाला खरं बोलता येतंय."

"हॅलो? अगं, ऐकू येतंय का?"

मी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.