काकूंना मी पासवर्ड मोठ्याने टाकायला लावला

मंडळी, आज मी सूड उगवला.

उदगीरहून आम्ही सगळे जीपने सहस्रकुंडचा धबधबा बघायला निघालो होतो. इस्लापूरच्या अलीकडे नेट जातं, म्हणून काल लॅपटॉपमध्ये चार सिनेमे भरले, त्याचाच हॉटस्पॉट लावला आणि टॅबवर ते नेटशिवाय दिसतात का, हे तीनदा तपासलं.

चौथीपर्यंत मला आईने घरीच शिकवलंय. गेल्या महिन्यात मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर काकू हसून म्हणाल्या, "घरी शिकलेली हाय, तिला काय येतंय!" आई चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली होती.

आज भोकर सुटल्यावर काकूंच्या टॅबवरचा पिक्चर अडकला. मागे भाच्यांचा मात्र मजेत चालू.

"अगं, ह्यांचं कसं चालून राहिलंय? मला बी दे की."

"माझ्या हॉटस्पॉटचा पासवर्ड टाका काकू, मी अक्षरं सांगते."

त्या एकेक इंग्रजी अक्षर मोठ्याने म्हणत गेल्या. 'घरी' झालं, 'शिक' झालं, आणि बोट थांबलं.

"टाका की काकू. पुढं 'लेली' हाय."

त्यांनी टाकलं. पिक्चर सुरू झाला.

आयत्या वेळी सुचलं, असं खोटं सांगणार नाही. पासवर्ड मी कालच रागाने ठरवला होता. उतरताना आई कानात म्हणाली, "बदल गं तो आता." पण हसत होती.

आईचं ऐकते, बदलते. उद्या परतताना काकूंना नवा टाकावा लागेल. त्यांनी आजवर बरंच बोलून ठेवलंय. त्यातलं कोणतं घेऊ?