रहाटणीच्या शाळेतला बिनआवाजी नमस्ते

लोक काश्मीर बघून येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी कासारवाडीहून रहाटणीला जाऊन आले, तेही बहुतेक चालत, आणि लिहायला बसले आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

सोबत वैजू होती, माझी सहा वर्षांची लेक. दिवाळीनंतर पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या वागण्याला पहिल्यांदा नाव दिलं, ऑटिझम. आम्हाला शब्द नवा होता. ह्यांच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांनाही तो ठाऊक नव्हता, याचं मला उगाचच बरं वाटलं. मुलगी बहिरी नाही, वेडी तर मुळीच नाही, तिला शाळेत घाला, चार मुलांत राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना सांगायला काय जातं! जवळच्या दोन शाळांनी आम्हाला वर्गाच्या दारातूनच परत पाठवलं होतं. दोन्हीकडे वर्गात पाऊल टाकताच वैजू किंचाळली होती आणि जमिनीवर लोळली होती. आता रहाटणीलाही नाही म्हणाले, तर तिला लांबच्या एका संस्थेत ठेवायचं, असं घरातली मोठी माणसं बोलू लागली होती.

ह्यांची पहिली शिफ्ट, म्हणून आम्ही दोघीच निघालो. रेल्वेचं फाटक ओलांडून पुढे गेलं की कारखान्यांचा आवाज मागे पडतो आणि ज्वारीची शेतं सुरू होतात. थंडी छान होती. पवनेच्या फरशीवर (पाण्यालगतचा ठेंगणा पूल) वैजू थांबली ती हलेचना. फरशीखालून पाणी येत होतं आणि तिला ते येताना बघायचं होतं. तिला ओढायला गेले आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रुमालाने पाय आणि चपलेची मोट बांधली, तेवढ्यात मागून बैलगाडी आली. गाडीवाले म्हातारेबुवा रहाटणीचेच निघाले.

"शाळंत व्हय? बसा की मग," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी वैजूकडे निरखून पाहिलं. "पोर बोलत न्हाई का?"

"बोलते. तिच्या मनात आलं की."

"मंग बरं हाय. आमच्या घरात समदी मनात नसताना बोलत्यात."

किती दिवसांनी मी खळखळून हसले. वाटेत त्यांच्या शेतापाशी गाडी थांबली, तिथे आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटलेली होती. घरी कोरड्या पोळीपलीकडे कशाला हात न लावणारी माझी लेक तळहातावरचा हिरवा हुरडा एकेक दाणा वेचून खात बसली. मी बघतच राहिले. म्हातारबांनी तिच्या फ्रॉकच्या खिशात आणखी मूठभर भरला आणि आम्हाला शाळेपाशी सोडलं.

शाळा दोन खोल्यांची, पत्र्याची, दारात मोठा लिंब. मधली सुट्टी चालू होती. पोरांनी वैजूभोवती ही गर्दी केली. तिला त्याचं काहीच नव्हतं, ती आपली लिंबाची वाळकी पानं ओळीने मांडत राहिली. मुख्याध्यापिका थोरातबाई ओसरीवरून हे बघत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आणि सुट्टी संपल्यावर आपणहून आम्हाला पहिलीचा वर्ग दाखवायला घेऊन गेल्या.

आपल्या शाळांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मोठं माणूस वर्गात आलं की मॉनिटर ओरडतो, "एक साथ", आणि सगळा वर्ग उभा राहून "नमस्ते" म्हणून गरजतो. रहाटणीच्या मुलांनी जरा जास्तच आदर दाखवला. पत्रे थरथरले. वैजूने किंकाळी फोडली आणि कानात बोटं घालून टेबलाखाली शिरली.

झालं. मी मान खाली घालून पिशवी उचलली आणि "येते मी बाई" म्हटलं.

"थांबा हो जरा," थोरातबाई म्हणाल्या. "ही कशाला भ्याली?"

"नव्या माणसांना भिते."

"माणसं तर मघाशी अंगणातही होती."

मी पिशवी खाली ठेवली. मागच्या दोन्ही शाळांतही मुख्याध्यापक असेच मानाने आम्हाला वर्गात घेऊन गेले होते, आणि दोन्ही वर्ग आमच्या मानासाठीच गरजले होते. पाहुणचारच आमच्या मुळावर आला होता, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

बाईंनी मुलांना सांगितलं, आता नमस्ते फक्त हातांनी, तोंड बंद. मुलांना ती मोठी गंमत वाटली. बाई बाहेर जाऊन पुन्हा आत आल्या. सगळा वर्ग उभा राहिला, हात जोडले गेले, एकजण फिसकन हसला तेवढाच आवाज. बाई पुन्हा बाहेर गेल्या, पुन्हा आल्या. करता करता वैजू टेबलाखालून निघाली आणि खिडकीजवळ सतरंजीवर जाऊन बसली. खिशातला हुरडा काढून खाऊ लागली.

"उद्यापासून आणा," बाई म्हणाल्या. "आधी तासभर बसू दे. आठवडाभर तुम्हीही दारात बसा."

"आणि तपासणीला साहेब आले तर?"

"सांगेन, एवढी शांत शाळा तालुक्यात दुसरी दाखवा."

मला रडू आलं. ते लपवायचा प्रयत्न मी केला नाही.

परतीच्या वाटेवर उन्हं कलली होती. रुमाल सुटला, चपला हातात घेतल्या, त्याचंही काही वाटलं नाही. कासारवाडीला फाटक लागलेलं होतं. मालगाडी धडधडत आली तसं वैजूने कानात बोटं घातली. घरी पाहुणे आले की "नमस्कार कर बाळा" म्हणून आम्ही सगळ्यांनी आजवर घसा कोरडा केला, पण तिने कधी कुणाला हात जोडले नव्हते. शेवटचा डबा आला, तिने कानातली बोटं काढली आणि त्या गाडीला हात जोडले. अगदी वर्गातल्यासारखे, तोंड बंद ठेवून.

नमस्कार माणसाला नाहीच केला, गाडीला केला. पण डब्याच्या मागच्या दारात गार्ड उभा होता. त्याने हातातली झेंडी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडून वैजूला नमस्कार केला.